ब्रुसेल्स पगाराचा आकडा ठरवत नाही
‘२०२२च्या निर्देशानंतर युरोपीय संघात सगळीकडे एकच किमान वेतन लागू झालं’ हे एका लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. निर्देश म्हणजे ब्रुसेल्समधून कारभार चालवणाऱ्या संघाने सदस्य देशांना घालून दिलेला, त्यांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम. वेतन ठरवणं आजही सदस्य देशांच्याच हातात आहे. किमान वेतनाचा कायदा असेल तर ते पुरेसं आहे का हे तपासा आणि ८० टक्क्यांहून कमी कामगार सामूहिक करारांखाली (युनियन आणि मालक यांच्यातल्या करारांखाली) येत असतील तर कृती आराखडा करा, असं हा निर्देश सांगतो.

शिकत असताना मी माल्मोच्या एका गोदामात काम करायचो. स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही! ताशी दर, रविवारचा जादा भत्ता, सगळं कामगार युनियनच्या करारात. त्याची प्रत जेवणाच्या खोलीत टांगलेली असायची. ही घडी विस्कटेल म्हणून तर स्वीडन आणि डेन्मार्कने निर्देशाच्या विरोधात मत दिलं. डेन्मार्क तर पुढे कोर्टातही गेला.