एच-इंडेक्स वाढवायचाय? मग आधी वाचन सोडा

गेल्या मंगळवारी माझा निबंध छापण्याआधी तपासणाऱ्या दुसऱ्या रिव्ह्यूअरचा अभिप्राय आला आणि इतकी वर्षं आपण संशोधनाच्या नावाखाली नुसती हमाली केली, हे मला उमगलं. त्या साक्षात्काराचा लाभ तुम्हालाही व्हावा, म्हणून हा प्रपंच. (एच-इंडेक्स म्हणजे तुमच्या किती निबंधांचा इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा संदर्भ दिला, त्यावरून काढलेला आकडा.)

पहिलं म्हणजे, एकाच विषयाला चिकटून राहू नका. आणि गणिताच्या वाटेला तर जाऊच नका. तिथे माणूस दोन-दोन वर्षं एका प्रमेयाशी झटतो आणि त्याचा संदर्भ देणारे जगात मोजून पंधरा निघतात. वैद्यकात तेवढे त्याहून कितीतरी लवकर मिळून जातात. दोन क्षेत्रांचे आकडे शेजारी ठेवू नयेत, असं सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. निवड समितीवर मात्र ते कधी दिसत नाहीत.

पुस्तक लिहू नका. मोजत नाहीत.

मूलगामी वगैरे काही शोधून काढू नका. एच-इंडेक्सची युक्ती 2005 मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढली: तुमच्या 20 निबंधांना प्रत्येकी निदान 20 संदर्भ मिळाले, की तुमचा एच 20. म्हणजे आयुष्यात एकच निबंध लिहिला, त्याने विषयाची दिशा बदलली, दहा हजार जणांनी संदर्भ दिला, तरी एच एकच! त्यापेक्षा एका कामाचे सहा तुकडे पाडा.

सहलेखक भरपूर घ्या. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या निबंधाला 5154 लेखक होते; 33 पानांपैकी 24 पानं नुसती नावं आणि संस्था. त्यांनी निदान अवाढव्य यंत्र चालवलं होतं. तुम्हाला यंत्र लागत नाही, विभागप्रमुखाची खुर्ची पुरते.

तेही जमत नसेल तर मांजर व्हा. 2024 मध्ये दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर 12 बनावट निबंध चढवले, त्यांना संदर्भ देणारे आणखी बनावट निबंध चढवले, आणि निबंध आणि त्यांचे संदर्भ मोजणाऱ्या गुगल स्कॉलरने लॅरीला 11 चा एच-इंडेक्स बहाल केला. माझा नऊ आहे.

पण खरा राजमार्ग म्हणजे रिव्ह्यूअर होणं. माझा निबंध बोलताना स्वर किती लांबतो यावर. 40 माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि एकेक स्वर मिलिसेकंदात मोजला. 14 महिने गेले. त्यावर दुसऱ्या रिव्ह्यूअरचा अभिप्राय आला तीन ओळींचा. एक, भाषा सुधारावी. दोन, चित्रांचा डेटासेट वाढवावा. (माझ्या निबंधात चित्रं नाहीत. मोजले ते आवाज.) तीन, पुढील 11 ताज्या आणि प्रस्तुत निबंधांची दखल घेतल्यास मांडणी भक्कम होईल. मी भाबडेपणाने ते उघडत बसलो. काँक्रीटची मजबुती. मधुमेहाचं निदान. शेअर बाजार. भूजल. परत काँक्रीट. अकराच्या अकरा निबंधांत एक नाव सारखं; कुठे तिसरं, कुठे शेवटचं. कुतूहल म्हणून त्या महाशयांचं प्रोफाइल पाहिलं. सहा क्षेत्रं, आणि एका वर्षात 90 च्या वर निबंध! चार दिवसांना एक. चार दिवसांत मला साधी आकृती धड करता येत नाही. या माणसाने स्वतःचे तरी निबंध वाचलेत का? आणि संपादक? त्यांनी हे जसंच्या तसं पुढे ढकललं, वर ‘सर्व मुद्द्यांची पूर्तता करावी’ ही ओळ जोडून. सगळे मुद्दे! काँक्रीटसकट!

सल्ले गेले खड्ड्यात. ही सरळसरळ खंडणी आहे, आणि ती चालते तुमच्यामुळे, समितीवर बसणाऱ्या मंडळींनो. 1955 मध्ये यूजीन गारफिल्डने सायटेशन इंडेक्सची, म्हणजे कोणत्या निबंधाचा संदर्भ कोणी दिला याच्या सूचीची, कल्पना मांडली, ती खोट्या आणि अर्धवट माहितीचे डोळे झाकून दिलेले संदर्भ थांबावेत म्हणून. तुम्ही त्याची तागडी केलीत. माणसांना इम्पॅक्ट फॅक्टरने, म्हणजे नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्याने, तोलणार नाही म्हणून 2013 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर सह्या ठोकता आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच विचारता? सहा क्षेत्रांत 90 निबंध दिसले की एकालाही शंका येत नाही, उलट हार घालता. उमेदवाराचे पाच निबंध मागवा आणि वाचा. नाही कळले तर कळणाऱ्याला बोलवा. तेवढंही होत नसेल तर समितीवरून उठा.

आणि मी? मी काय केलं म्हणता? अकरापैकी दोन घातले. ‘इतर क्षेत्रांतही अशा पद्धती वापरल्या गेल्या आहेत’ असं एक वाक्य लिहिलं आणि त्याला काँक्रीट आणि मधुमेह जोडले. संदर्भ क्रमांक 31 आणि 32. परवा रात्री पाठवलं. काल सकाळी निबंध स्वीकारल्याची मेल आली.