खुर्चीचा रंग उडू नये म्हणून

अमेरिकेत ख्रिस्ती शाळा चालवताय आणि मुख्याध्यापकाची खुर्ची गोऱ्यांकडेच ठेवायचीय? मग वर्गात सगळ्या रंगांची मुलं खुशाल बसवा. बसवावीच लागतात. १९८३ साली सुप्रीम कोर्टानं बॉब जोन्स या ख्रिस्ती विद्यापीठाची करसवलत त्याच्या वंशभेदी नियमांमुळे आठ विरुद्ध एक मतांनी नाकारली. बायबलचा आधार दाखवूनही काही उपयोग झाला नाही. तेव्हा ‘आम्ही वंशभेद करत नाही’ हा ठरावीक मजकूर वेबसाइटच्या पहिल्याच पानावर टाका. मजकूर मात्र नीट वाचा. त्यात प्रवेश विद्यार्थ्यांचा आहे, मुख्याध्यापकाचा नाही.

खुर्चीचं खरं काम विश्वस्त मंडळात होतं. जुन्या विश्वस्तांनीच नवे निवडायचे, असं शाळेच्या घटनेत असेल तर अर्धी चिंता मिटली. जागा रिकामी झाली की जाहिरात नको. ‘आपल्या ओळखीत कोण आहे?’ एवढंच विचारा. ओळख चर्चमधली. रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला बहुधा वर्णावरून सगळ्यात विभागलेला तास, असं मार्टिन ल्यूथर किंग १९६० साली म्हणाले होते. तुमच्या शोधमोहिमेला तेवढा एक तास पुरतो.

तरीही कृष्णवर्णीय उमेदवार शेवटच्या फेरीत आलाच, तर ‘शाळेच्या ध्येयाशी जुळत नाही’ म्हणा. ध्येय कागदावर मोघम ठेवलेलं बरं, म्हणजे जुळलं की नाही हे मोजता येत नाही. मुख्याध्यापकाच्या कामाच्या स्वरूपात ‘शाळेचा आध्यात्मिक नेता’ हे शब्द घाला आणि रोजची प्रार्थना त्याच्याकडेच सोपवा, म्हणजे तो धर्मसेवक ठरू शकतो. सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या होझॅना-टेबर निकालानंतर धर्मसेवकाच्या नेमणुकीत कोर्ट पडत नाही, दावा वंशभेदाचा असला तरी. (प्रार्थनेचे असेही फायदे असतात.)

ओरड झालीच तर ‘विविधता संचालक’ नेमा. बजेट नको, नेमणुकीवर सही नको. केबिन प्रवेश विभागाशेजारी द्या, फोटोला सोपं पडतं. माहितीपत्रकात एकच कृष्णवर्णीय मुलगा प्रयोगशाळेत, गायनवृंदात आणि बास्केटबॉलच्या मैदानावर दिसतो, तेव्हा निदान प्रत्येक पानावर शर्ट तरी बदला.

वर्धापनदिनाला जपून. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर १९६९ मध्ये मिसिसिपीतल्या सरकारी शाळांना वर्णभेद ताबडतोब संपवायला सांगितलं. तुमच्या बोधचिन्हावर १९७० असेल, तर शाळा गोऱ्या मुलांसाठीच काढली असं वाटेल; म्हणून पाहुण्यांना सांगा, सरकारी शाळांतली प्रार्थना बंद झाली म्हणून आमची शाळा निघाली. प्रार्थनेचा निकाल मात्र १९६२ चा. मधली आठ वर्षं काय करत होतात, असं कुणी विचारलं, की कॉफी आणि डोनट पुढे करा.