बिनतारी कारभारी

लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्याला सगळ्या बाबतीत स्वातंत्र्य असतं असं म्हणतात, आणि दुर्दैवाने ते खरं आहे. लॅपटॉप वाय-फायला कोणी जोडायचा, हेसुद्धा आपणच ठरवायचं. माझी अपेक्षा एवढीच, की हा कारभारी मला कधी दिसू नये. झाकण उघडावं, नेट यावं, विषय संपला. पण ज्याचं तोंडही पाहायचं नाही त्याला नेमण्यासाठी आधी सगळ्या उमेदवारांची तोंडं पाहावी लागतात.

खरं तर नेमणूक आधीच झालेली असते. लिनक्सच्या बहुतेक मोठ्या वितरणांत, म्हणजे तयार संचांत, नेटवर्क मॅनेजर नावाचा प्रोग्राम बसवलेलाच येतो. रेड हॅटने 2004 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प वाय-फाय, केबल, व्हीपीएन, सिमकार्डवरचं नेट असं सगळं सांभाळतो. माणूस सुखात असतो. मग ओळखीतला एखादा जाणकार आपल्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघतो आणि विचारतो, "अजून नेटवर्क मॅनेजरच?"

त्या 'अजून'पायी माझ्या किती सुट्ट्या गेल्या, ते सांगण्यात अर्थ नाही.

जाणकार काय वापरतात ते दर भेटीत बदलतं, आवाजातली खात्री मात्र तीच असते. एके काळी ते विक्डचं नाव घ्यायचे. हलका, सुटसुटीत, एका खिडकीत सगळी नेटवर्कं. पण तो पायथन 2 या प्रोग्रामिंगच्या भाषेवर उभा होता, आणि 2020 उजाडलं तशी त्या पायथनची देखभालच थांबली. डेबियन या वितरणाने विक्डला वगळलं. त्याची शिफारस मात्र अजून ठणठणीत आहे. मग आला कॉनमॅन, मुळात छोट्या उपकरणांसाठी घडवलेला. त्याची तारीफ ऐकताना आपला लॅपटॉप उगाचच ऐसपैस वाटू लागतो.

वरून 'जोडणं' हे एक काम दिसतं. आत डोकावलं की अख्खं खातं निघतं. पासवर्ड न उच्चारता तो आपल्याला ठाऊक आहे हे राउटरला पटवायचं, हे एकाचं काम. तो बहुधा डब्ल्यूपीए सप्लिकंट. नेटवर्क मॅनेजर कितीही साहेबी थाटात वावरला तरी ही बोलणी सहसा त्यालाच करायला पाठवतो. लॅपटॉपसाठी नेटवर्कवरचा आयपी पत्ता मागून आणायचा तो डीएचसीपीवाल्याने. वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायचा तो डीएनएसवाल्याने. यातला एक जरी रुसला तरी नेट बंद, आणि कोण रुसलाय ते प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगतो. कोपऱ्यातल्या कमानी भरलेल्या दिसतात त्या फक्त राउटरचा सिग्नल जोरात आहे म्हणून. राउटरच्या पलीकडे जग शिल्लक आहे की नाही, याची हमी कमानी देत नाहीत.

सध्याचा लाडका उमेदवार आयडब्ल्यूडी. हाही कॉनमॅनसारखा इंटेलच्या घरचा. सप्लिकंटची जागा घेतो, कूटलेखनाचं बरंचसं ओझं कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, टाकतो आणि सांगितलं तर आयपी पत्ताही स्वतःच आणतो. म्हटलं, चला, निवड झाली. तर कळलं, की तो एकटाही चालतो आणि नेटवर्क मॅनेजरच्या हाताखालीही. म्हणजे आता त्याला एकटं ठेवायचं की हाताखाली, ही नवी निवड.

शिवाय जुन्याला न काढता नवा बसवला, तर एका म्यानात दोन तलवारी. एक जोडतो, दुसरा तोडतो, आणि लॉग, म्हणजे त्यांच्या कामाची नोंद, वाचला तर दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. बरं, जुना आधी काढला तर नवा उतरवून घ्यायला नेट कुठलं? मग फोन यूएसबीने लावून त्याचं नेट घ्यायचं. बिनतारी जोडणीसाठी तार शोधताना ड्रॉवर उपसणाऱ्या माणसाशी घरातल्यांनी बोलू नये.

आणि या सगळ्यांच्या वर एक वरिष्ठ असतो: काही लॅपटॉपच्या कडेला असलेलं वायरलेसचं बारीक बटण. ते बंद असलं की 'आरएफकिल' ही आज्ञा 'हार्ड ब्लॉक' असा शेरा मारते. तिथे कोणत्याही सॉफ्टवेअरचं काही चालत नाही. उमेदवारांच्या गुणदोषांवर तावातावाने बोलणारे जाणकार या बटणाबद्दल एक अक्षर काढत नाहीत, कारण त्याची दुसरी आवृत्ती येत नाही.

हा सगळा खटाटोप बहीण पलंगावरून पाहत होती.

"दादा, माझ्या फोनला तर लगेच लागतं."

"अँड्रॉइड आहे ना? त्यातही आतून तोच सप्लिकंट काम करतो," मी विजयाने सांगितलं.

"मग त्याला काही बोलला नसशील तू. म्हणून करत असेल."

शेवटी नेटवर्क मॅनेजर ठेवला आणि त्याच्या सेटिंगच्या फाइलीत दोन ओळी लिहून हाताखाली आयडब्ल्यूडी दिला. चिन्ह तेच, यादी तीच. जाणकाराला मी सांगतो, "आयडब्ल्यूडीवर आलोय." घरात सांगतो, "काही बदललेलं नाही." दोन्हींकडे मान डोलावतात. जाणकाराने मात्र जाता जाता विचारलं, "डीएनएसला काय लावलंयस?"