रोग इंजिनाला, औषध रेडिएटरला

मे महिन्यातल्या शनिवारी खंबाटकीच्या चढावर एखादी गाडी बॉनेट उघडून उभी राहिली, की पाच मिनिटांत तिच्याभोवती तीन तज्ज्ञ जमतात. पहिला म्हणतो, "पाणी टाका." दुसरा विचारतो, "पाणी टाकलं का?" तिसरा काहीच न बोलता बाटली घेऊन येतो. तिघांचंही मन मोठं आणि तिघांचंही निदान एकच. माझं म्हणणं एवढंच, की धडधाकट गाडी पाणी पीत नाही. कूलिंग सिस्टिम बंदिस्त असते. छोट्या गाडीत चार-पाच लिटर कूलंट, म्हणजे पाणी आणि अँटीफ्रीझचं मिश्रण, मोठ्या एसयूव्हीत आठ-दहा. वर्षभरात कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटभर खाली आली तर चालतं. दर महिन्याला अर्धा लिटर ओतावं लागत असेल, तर ते कुठेतरी जातंय. कुठे जातंय हे न बघता ओतत राहायचं, याला आपल्याकडे रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात.

इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो, तेवढाच कूलंटमध्ये जातो, आणि उरल्यासुरल्यात आपण साताऱ्याला पोचतो. म्हणजे पंपावर मोजलेल्या दर तीन रुपयांतला एक नुसता रेडिएटरमधून हवा तापवण्यासाठी. ही उष्णता बाहेर काढायचा रस्ता तसा सरळ आहे. वॉटर पंप कूलंट ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, वरच्या हेडमध्ये ढकलतो. हेडच्या तोंडाशी, बहुतेक गाड्यांत, थर्मोस्टॅट बसलेला असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो वाट अडवून धरतो आणि कूलंट बायपासमधून आतल्या आत फिरतं. 82 ते 88 अंशांच्या आसपास त्याच्या पोटातलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते, आणि वरच्या होज पाइपमधून गरम कूलंट रेडिएटरला जातं. तिथे गार होऊन खालच्या होजने परत पंपात.

गाडी "हीट मारते" असं सांगत लोक गॅरेजात येतात. पण कधी मारते, हे विचारल्यावर गप्प होतात. खरं तर निम्मं निदान तिथेच होतं. सिग्नलला उभी असताना तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागलं की उतरतो, तर दोष फॅनचा. चालत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला तो फॅननेच ओढावा लागतो. उलट, गावात ठीक आणि घाटात किंवा शंभरच्या वेगाला गरम, तर कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा वर, पण वरचा होज आणि रेडिएटर गारच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला. आणि अर्धा तास चालवूनही काटा मधोमध येत नसेल, तर तो उघडा अडकलाय. यात गाडी बंद पडत नाही, फक्त अॅव्हरेज पडतं, म्हणून मालक पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घालतो.

फॅन तपासायला गॅरेजही लागत नाही. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बहुतेक छोट्या गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो. नाही फिरला, तर फ्यूज बघा. फ्यूज शाबूत असेल तर रिले, म्हणजे फॅनची वीज चालू-बंद करणारा छोटा डबा, बदलून बघा. फ्यूजबॉक्समध्ये बऱ्याचदा हॉर्नचाही तसाच रिले असतो. वरचा नंबर जुळत असेल तर दोघांची अदलाबदल करा. फॅन फिरला आणि हॉर्न गेला, तर रिलेच खराब. पण मग हॉर्नशिवाय घरी जायची हिंमत आपल्यात आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. बोलेरो किंवा सुमोसारख्या गाड्यांत इंजिनच फॅन फिरवतं, मध्ये सिलिकॉन तेल भरलेला व्हिस्कस कपलिंग असतो. इंजिन बंद असताना पातं हाताने फिरवा. काहीच अडकाव न लागता ते गरागरा फिरत राहिलं, तर कपलिंगमधलं तेल गेलंय.

आता झाकण. एवढा दुर्लक्षित भाग गाडीत दुसरा नसेल. रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो. तो दाब आहे, बारमध्ये. घरातल्या कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे झाकण करतं: दाब वाढवला की उकळबिंदू वर सरकतो. उघड्यावर 50:50 मिश्रण 107 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाखाली तेच सव्वाशेपर्यंत तग धरतं. झाकणाच्या आतली रबरी रिंग चिरली की हा सगळा फायदा गेला. त्यात आतमध्ये नुसतं पाणी असेल तर आणखी मजा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर, तिथे साधं पाणी 96 अंशांच्याही आत उकळतं. फॅन बऱ्याच गाड्यांत 95 ते 100 ला सुरू होतो. फॅन उठायच्या आत पाणी उकळून मोकळं! आणि अशा वेळी नवा रेडिएटर बसवला जातो, त्यावर तेच जुनं झाकण लावून. झाकणाच्या मध्यभागी उलट दिशेला उघडणारी छोटी झडप असते. इंजिन गार होताना ती बाटलीतलं कूलंट परत आत घेते. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला, तर ती अडकलीय.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, अँटीफ्रीझ कशाला?" हा प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक कुटुंबात एक असतो, बहुधा वयाने मोठा, म्हणून समजावता येत नाही. काका, ते नुसतं पाणी गोठू नये म्हणून नसतं. त्यातली रसायनं अॅल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटर गंजू देत नाहीत. बोअरचं पाणी घातलं की तांब्यात बसतात तसेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, आणि नळ्या तांब्यापेक्षा फार बारीक असतात. कॉन्सन्ट्रेट असेल तर त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर. "रेडी टू यूज" लिहिलं असेल तर पाणी अजिबात नको. आणि हिरवं, लाल, गुलाबी यावरून काही ठरत नाही, रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. मॅन्युअलमधला प्रकार बघून घ्या. भलते दोन प्रकार एकत्र झाले तर आत गाळ होऊ शकतो.

थर्मोस्टॅटबद्दल मात्र मला शांतपणे लिहिता येत नाही. आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांत गरम होणाऱ्या गाडीवर पहिला उपचार म्हणजे "वॉल काढून टाकला साहेब, आता टेन्शन नाही." टेन्शन आता सुरू होतं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दुसरी चकती असते. मुख्य वाट उघडताना ती बायपास बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा, आणि गरम कूलंटचा एक हिस्सा रेडिएटर न बघताच परत इंजिनात. घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते, सपाटीवर नको तेवढी थंड राहते, आणि थंड इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त इंधन पाजत राहतो. तपासायचंच असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. अंगावर छापलेल्या आकड्याच्या जवळपास झडप हलायला लागली पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांवर आठ-दहा मिलिमीटर उघडली पाहिजे. पातेलं चहाचं घेऊ नये. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि चवीला गोड, हा त्याचा दुसरा दुर्गुण. कुत्र्या-मांजरांपासूनही लांब ठेवावं.

वॉटर पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉटर बॉडी, आजारी पडल्याचं स्वतः सांगतो. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो आणि वाळून पांढरट-गुलाबी किंवा हिरवट ओघळ उरतो. ते भोक एमसील लावून बुजवणारे महाभाग आहेत. मग तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप आवाज करून निषेध नोंदवतो. बाहेर कुठेच ओल नाही, पण डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओली आणि गाडीत गोडसर वास, तर हीटरचा रेडिएटर गळतोय.

घाटात लाल दिवा लागलाच, तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर फुल, काचा खाली. मे महिन्यात हीटर लावलेला बघून घरची मंडळी काय म्हणतील ते म्हणोत, हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. बाजूला घ्या. वाफ निघत असेल, होज फुटला असेल किंवा पट्टा तुटला असेल तर इंजिन ताबडतोब बंद. काट्यावर फार भरवसा ठेवू नका. कूलंट पूर्ण संपलं की सेन्सर हवेत लटकतो आणि काटा चक्क खाली येतो. आता पाऊण तास काहीही करायचं नाही. जमलेल्या तज्ज्ञांना हे सर्वात जड जातं. झाकणाला हात लावू द्यायचा नाही, कारण दाब सुटताच आतलं 110 अंशांचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज फडक्याने दाबून बघा, तो मऊ झाला की झाकण एक टप्पा फिरवून थांबा, मग उघडा. बाटलीबंद पाणी चालेल, पण इंजिन आयडलवर ठेवून हळूहळू. तापलेल्या हेडमध्ये एकदम गार पाणी गेलं तर ते तडकू शकतं.

एवढं करूनही पातळी उतरत राहिली, तर गार इंजिनाचं झाकण उघडून गाडी सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई आणि सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं सील, गेलं. हेड उतरवल्यावर ते सरळपट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायला सांगा. अनेक इंजिनांत 0.05 मिलिमीटरहून जास्त वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावं लागतं. गॅस्केट गेलं कशामुळे, हेही विचारा, नाहीतर चोंदलेला रेडिएटर नव्या गॅस्केटचीही तीच गत करेल. आणि गाडी घेताना जुने भाग पिशवीत मागून घ्या. पिशवीत थर्मोस्टॅट निघाला आणि बिलात नवा दिसत नसेल, तर किल्ली घेऊ नका, आधी भांडून घ्या.