फुलेवाड्याला दहा मिनिटं पुरत नाहीत

लेख छान, पण पुणे एका दिवसात पाहायच्या यादीत गंज पेठेतला महात्मा फुले वाडा ‘दहा मिनिटांत उरकेल’ असं लिहिलंय, ते पटलं नाही. वाडा लहान आहे हे खरं. शनिवारवाड्यासारखा दरारा तिथे नाही. कौलारू छप्पर, लाकडी खांब, बेताच्या खोल्या. पण मागची विहीर नुसती बघून पुढे जाऊ नका. 1868 मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच घरी. त्या काळी पाणी देणं म्हणजे जातभाईंचा रोष ओढवून घेणं होतं!

आणि समाधीपाशी थांबाच. आपल्याला दहन न करता मिठात पुरावं अशी जोतिरावांची इच्छा होती, घरामागे खड्डाही आधीच खणून ठेवला होता. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले, पण वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही. दहन करावं लागलं आणि अस्थी इथे आणून ठेवल्या. दत्तक मुलगा यशवंत याच्या अंत्यविधीच्या हक्कावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं (प्रेतापुढे वारसाने धरायचं मडकं) धरून सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या. मला तर हे सगळं तिथे उभं राहून मुलांना सांगताना दर वेळी भरून येतं.

गल्ल्या अरुंद आहेत, गाडी नेऊ नका, रिक्षाने जा. तासभर तरी हाताशी ठेवा.