चार बोटं पाणी आणि एक लाख कोटी कप

पावसाळा लागला की कोल्हापुरात ज्याला त्याला पाटबंधारे खात्यात नोकरी लागते. गंगावेशीत चहा घेताना एकजण नुसतं "१४२८ सुटलं" म्हणतो आणि टपरीवरच्या सगळ्यांना कळतं, राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला. क्युसेक म्हणायचीही गरज पडत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. म्हणजे त्या एका दरवाज्यातून सेकंदाला चाळीस हजार लिटर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे तर शाळकरी पोरालाही पाठ. साहेबाची मापं आम्ही अशी घरची करून टाकली आहेत.

आणि याच शहरात, पांढऱ्या रश्श्यात पाणी किती, यावरून आमच्या घरी अख्खा रविवार गेला.

भाची असते न्यू जर्सीत. तिला आजीचा पांढरा रस्सा करायचा होता. "मामा, आजीला विचारा की, अळणीला पाणी किती कप?" अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, रश्श्याचा पाया. आजीचं, म्हणजे आमच्या आईचं माप ठरलेलं : मटण बुडून वर चार बोटं. या दोघींच्या मधे मी, मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून.

सुरुवात झकास झाली. नारळाच्या दुधाच्या डब्यावर १३.५ फ्लुइड औंस लिहिलंय म्हणाली. २९.५७ नं गुणलं, ४०० मिली निघाले. आईला सांगितलं. ती म्हणाली, "डब्यातलं दूध? बरं. पण घातल्यावर खळाखळा उकळू नको म्हणावं, फाटतंय."

तेवढ्यात लीड्सचा पुतण्या कॉलमध्ये घुसला. त्याच्या डब्यावर सरळ ४०० मिली छापलेलं, त्यामुळे तो भलताच खुशीत. "काका, पाणी दोन पाइंट धरा की!" पाइंटचा त्याला दांडगा सराव आहे; कशाचा, ते आजीसमोर काढायचं नाही. पण त्याचा पाइंट ५६८ मिलीचा आणि भाचीचा ४७३ चा. दोन पाइंटांत एक फुलपात्रभर पाण्याचा फरक, म्हणजे रश्श्याचं पार वाटोळं.

बरं, फरक सरळ असावा की नाही? अमेरिकेचा औंस इंग्लंडच्या औंसापेक्षा किंचित मोठा, पण पाइंट लहान. कारण अमेरिकेत पाइंटात १६ औंस, इंग्लंडात २०. या भानगडीचं मूळ १८२४ सालात आहे. इंग्रजांनी त्या वर्षी जुने गॅलन मोडीत काढले आणि दहा पौंड पाणी मावेल तो नवा गॅलन ठरवला, ४.५४६ लिटरचा. अमेरिकेनं मात्र राणी ॲनच्या काळातला दारू मोजायचा २३१ घनइंचांचा गॅलनच धरून ठेवला, ३.७८५ लिटरचा. राजाला हाकलला, राणीचं दारूचं माप तेवढं ठेवून घेतलं. माणसं व्यवहारी.

शेवटी कपावर आलो. अमेरिकेचा कप २३६.६ मिलीचा, पण खाद्यपदार्थांच्या लेबलावर तोच २४० धरतात. ऑस्ट्रेलियात २५०. आई म्हणाली, "कपाला एक धड माप नाही व्हय त्यांच्यात?" आमच्या घरातल्या वाट्या एकीला दुसरी जुळत नाही, हे मी बोललो नाही. जेवायचं अजून बाकी होतं.

पण २३६.६ हा आकडा मला ओळखीचा वाटला. राधानगरीचा पूर्ण साठा ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे साधारण २३६.७ दशलक्ष घनमीटर! कप मिलीत, धरण दशलक्ष घनमीटरात, आकडा तोच. म्हणजे राधानगरी भरलं की त्यात जवळजवळ एक लाख कोटी अमेरिकन कप पाणी मावतं. इतकं नेटकं उत्तर मला शाळेतही कधी आलं नव्हतं. मी ते दोन्ही खंडांना ओरडून सांगितलं.

"मामा," भाची म्हणाली, "पातेल्यातलं सांगता का?"

खरं तर आईचं आणि पाटबंधारे खात्याचं शास्त्र एकच. बंधाऱ्यावर फूट मोजतात, आई बोटं मोजते. लिटरच्या फंदात दोघंही आधी पडत नाहीत. तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला. "हे बघ बाळ, कप ठेव बाजूला. मटणाच्या वर चार बोटं पाणी घाल. बोटं हायत न्हवं तिकडं?"

"आहेत आजी. पण माझी बारीक आहेत, तुझी जाड."

"मग पाच घाल."

यावर लीड्सहून शंका आली, "आजी, बोटं आडवी धरायची का उभी?"