पीएचडीचा विषय कसा निवडावा : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : तुम्ही)

तर तुम्ही पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झालात, अभिनंदन. घरी पेढे वाटून झाले असतील, आत्या "म्हणजे आता इंजेक्शन देता येणार का रे" असं विचारून गेली असेल, आणि आता खरा प्रॉब्लेम समोर आलाय की विषय काय घ्यायचा. तुमची बहुतेक अशी समजूत असणार की संशोधनाला आधी एखादा प्रश्न पडावा लागतो. ती समजूत आजच सोडा. ज्याला प्रश्न पडतो त्याची पीएचडी लांबते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आधी विषय, मग गाईड, मग चहा, आणि प्रश्न सगळ्यात शेवटी, तेही प्रश्नावलीत, हो किंवा नाही अशा चौकटी करून.

विषयांना काय तोटा आहे का? एखाद्या संध्याकाळी शोधगंगा ही वेबसाइट उघडून बसा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने देशभरच्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध तिथं ठेवलेत. तासभर खाली खाली जात राहिलात की ज्वारीच्या खोडमाशीपासून ज्ञानेश्वरीतल्या उपमांपर्यंत, कबड्डीपटूंच्या फुफ्फुसांपासून जिल्हा बँकांच्या थकबाकीपर्यंत, धरणातल्या माशांपासून दलित आत्मकथनांपर्यंत सगळं एकाच रांगेत उभं दिसतं, मुंबईच्या लोकलमध्ये उभं असतं तसं, एकमेकांना चिकटून आणि एकमेकांकडे न बघता. एवढी विविधता बघून ऊर भरून येतो. फक्त शीर्षकं नीट वाचू नका, कारण ती वाचली की कळतं हे सगळं एकाच माणसाने लिहिलंय. "अमुक तालुक्यातील तमुकचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ २०१० ते २०२०". चिकित्सक का, तर नुसता अभ्यास म्हटलं तर हलकं वाटतं. २०२० पर्यंतच का, तर पुढचे आकडे साहेबांनी अजून दिले नाहीत.

सायन्सवाल्यांना वाटतं की आपण यातून सुटलो. नाही हो. केमिस्ट्रीत गेलात तर झिंक ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल, म्हणजे अतिसूक्ष्म कण, आणि एक झाडपाला, एवढंच भांडवल लागतं. तुळस कुणी घेतली असेल तर कडुलिंब घ्या, कडुलिंब गेला असेल तर कोरफड, कोरफड पण गेली असेल तर मग कुंपणाला जे काही उगवलंय ते उपटा, उकळा, गाळा. नाव ग्रीन सिंथेसिस. पेपरात एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांच्या तपासणीचा, आलेख टाकला की शिखरं आपोआप जिथं यायला पाहिजेत तिथं येतात, आणि नाही आली तर सिनियर आहेतच.

झूलॉजीचं मात्र मला मनापासून कौतुक वाटतं. मराठवाड्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं माशांची आतडी उघडून त्यातले पट्टकृमी बाहेर काढले आणि त्यांना गावांची नावं दिली. त्यातल्या एकाचं नाव सेंगा पैठणेन्सिस. दुसरा आहे सेंगा औरंगाबादेन्सिस, १९८० चा. आता २०२३ ला शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, पण प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम असे आहेत की एकदा रीतसर ठेवलेलं नाव गावाचं नाव बदललं म्हणून बदलत नाही. माशाच्या पोटातला तो जंत तेवढा जुन्याच पत्त्यावर राहतोय आणि कुठल्याही सरकारला त्याचं काही करता येत नाही. या विषयावर राज्यशास्त्रात एक पीएचडी सहज निघेल, पण घेऊ नका, फेलोशिप अडकेल.

आता कुठले विषय घ्यायचे नाहीत ते सांगतो, हे महत्त्वाचं आहे.

जे ऐकून लोक हसतील ते घ्यायचे नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स या मनोरुग्णालय-संस्थेत चित्तरंजन अंद्राडे आणि श्रीहरी या दोघांनी २०० शाळकरी मुलांना विचारलं की तुम्ही नाकात बोट किती वेळा घालता. उत्तर साधारण दिवसाला ४ वेळा असं आलं, आणि २००१ ला त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. पुढच्याच वर्षी ते केरळ कृषी विद्यापीठातल्या श्रीकुमार आणि निर्मलन यांना गेलं, हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ काढलं म्हणून. हसलात ना? आता हे बघा. हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली बहुतेक उष्णता कातडीवाटेच बाहेर जाते, त्यामुळे कातडी किती हे माहीत पाहिजे, आणि हत्तीला काही कुणी कापड गुंडाळून मोजू शकत नाही. तर यांनी एक सूत्र बसवलं. हत्तीची उंची घ्या, पुढच्या पायाचा घेर घ्या, क्षेत्रफळ हातात. टेप आणि एक शांत हत्ती, बास. मला सांगा, आपल्या तालुक्यातल्या कुठल्या चिकित्सक अभ्यासातून टेप घेऊन उद्या सकाळी वापरता येईल असं काही निघालंय? निघायला नकोच, निघालं तर लोक वापरतील आणि मग चुका सापडतील.

दुसरं, गाईडच्या विरुद्ध निष्कर्ष काढायचा नाही. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या, गाईड कोण तर ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशशास्त्रात ज्याचं फार चालायचं तो. त्याचं म्हणणं असं की कवटीच्या डाव्याउजव्या बाजूतला फरक वंशावर ठरतो. बाईंनी कवट्या मोजल्या आणि प्रबंधात लिहिलं की तसा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, गाईडच्या तोंडावर! १९३० साल होतं म्हणून खपलं. तुम्ही मात्र आकडे हातात आले की आधी सरांना दाखवा, सर म्हणतील "हे असं नको यायला", मग ते तसं येणार नाही अशी व्यवस्था करा.

तिसरं, एकाच वेळी चार विषयांत नाक खुपसायचं नाही. दामोदर कोसंबी मूळ गणिताचे. नाणी वापरात झिजतात, म्हणजे वजनावरून ती किती काळ फिरली ते कळेल, म्हणून हा माणूस हजारो नाणी तराजूत टाकत बसला, आधी चालू काळातली आणि मग तक्षशिलेची आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी. मग नाण्यांवरून राजे, राजांवरून समाज, मध्येच भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (हे बघा, इथं चिकित्सक शब्दाला काम होतं), मध्येच टेकड्यांवर फिरून दगडी हत्यारं गोळा करणं, आणि १९४४ ला जनुकांमधली अंतरं मोजायचं एक सूत्र. आजही पिकांच्या जनुकांचा नकाशा काढणारी पोरं सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय टिचकी मारून निवडतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं ही कंपनी असेल. पण या माणसाची पीएचडी कुठली? नव्हतीच. हार्वर्डचा १९२९ चा बीए, विषय संपला. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमाप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असले की पीएचडीला प्रवेश मिळतो, म्हणजे आपल्याकडे त्यांना विद्यार्थी म्हणून कदाचित घेतलं असतं. शिकवायला नाही. प्राध्यापकीला लागणारी नेट परीक्षा कुठंय?

आणि चौथं, लांबणारं काम तर अजिबातच नको. पुण्यात डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चाललाय, शब्दांच्या जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या कपाटांत आहेत, ३५ खंड झाले तरी गाडी 'अ'वरच होती. भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती करायला १९१९ ते १९६६ घेतली, १२५९ हस्तलिखितं ताडून. तुम्हाला मात्र कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं, त्यात कोर्सवर्क, सहामाही प्रगती अहवाल, आणि सरांच्या मुलीच्या लग्नातलं वाढपी काम. 'ज्ञ'पर्यंत कधी जाणार तुम्ही?

वाङ्मयचौर्याची फार धास्ती घेऊ नका, यूजीसीचे नियम २०१८ चे आहेत आणि समजूतदार आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत एक वर्ष बंदी, त्याच्यावर नोंदणी रद्द. आणि मराठीत लिहिणाऱ्याला तर युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टचा मोठा आधार आहे, सॉफ्टवेअरने उघडलं की समोर नुसती चिन्हांची भेळ. मशीन म्हणतं जगात असं कुणीच कधी लिहिलेलं नाही. शंभर टक्के मौलिक.

हे सगळं मी कुठल्या तोंडाने सांगतोय? तर माझाही झालाय एक चिकित्सक अभ्यास. एका तालुक्यातल्या पतसंस्थांच्या कर्जवसुलीवर, तालुका नका विचारू. ३०० प्रश्नावल्या होत्या, त्यातल्या किती लोकांकडून भरून घेतल्या आणि किती एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही तिघांनी निळं, काळं पेन बदलून बदलून भरल्या ते माझ्याबरोबरच जाईल. पण एक दिवस खरंच फिल्डवर गेलो होतो. पतसंस्थेचे मॅनेजर जेवायला गेलेले, म्हणून शेजारच्या घरात पाणी मागितलं, तर तिथं भिशी चालू होती. वीस बायका, महिन्याला हजार रुपये, चिठ्ठी स्टीलच्या डब्यातून काढायची. काकूंनी वही दाखवली, लाल कापडी बाइंडिंगची, अकरा वर्षांची. एक रुपया बुडालेला नव्हता. उशिराच्या हप्त्यापुढे कारण लिहिलेलं, "पोरगं दवाखान्यात", "ऊसबिल आलं नाही", "भांडण, पुढच्या वेळी देणार", आणि पुढच्या महिन्यात तिथं बरोबरची खूण. शेजारच्या पतसंस्थेची थकबाकी तेव्हा माझ्या पिशवीत होती, ती काही मी काकूंना दाखवली नाही.

मी पळतच सरांकडे. सर, खरा विषय हा आहे, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वसुली का वेगळी होते! सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे मंजूर झालेल्या आराखड्यात, आहे का?"

नव्हतं.

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला, काजूकतली झाली, प्रेक्षकांतल्या मित्राने आधी पाठ करून दिलेला प्रश्न विचारला आणि मला त्याचंही उत्तर अडखळतच आलं, गावात नगरसेवकाच्या फोटोसकट फ्लेक्स लागला. परवा बाजारात काकू भेटल्या. "काय सर, झालं का तुमचं ते पुस्तक? आमच्या भिशीचं लिहिलं का त्यात?"

लिहिलंय की, म्हटलं. शेवटचं प्रकरण, 'पुढील संशोधनासाठी सूचना', क्रमांक सात.